नरसय्याचा नावाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर मल्लेशी आणि नरसय्या दोघांनाही ओळखत होती. तुम्हाला का सांगतोय? मल्लेशीच्या नावावर एक गोष्ट चिकटून राहिली आहे, जी त्याची नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात नव्या पेठेत मल्लेशी एका कापड दुकानात होता, मी शेजारच्या. तो अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर आम्ही चार-पाच जण त्यानं रचलेला खेळ खेळायचो. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं — कुणी वैद्य, कुणी शिपाई — आणि मल्लेशी सांगेल त्या मुलखातून वाट काढायची. संकट आलं की कवड्या टाकायच्या. तो मागेल तितक्या उताण्या पडल्या की सुटलात. जसजसा माणूस तयार होईल, तसतशा त्याच्या हातात कवड्या वाढायच्या. संकटंही वाढायची — पण बेतानं. असं डोकं मी पुन्हा पाहिलं नाही.

"आधी ओढा द्यायचा, मग नदी," तो म्हणायचा. "आन् नदी झाली की परत तोच ओढा. नाहीतर आपण मोठं झालो हे माणसाला कळणार कसं की?"

नरसय्याला ते कळत होतं. तो यंत्रमागावर कामाला, दिवसभर मुकादमाची बोलणी खाणारा. खेळात तो नावाडी. पहिल्या ओढ्याला बिचकणारा त्याचा नावाडी वर्षभरात पुराची भीमा पार करायला लागला होता. कवड्या टाकताना नरसय्या कसा ताठ बसायचा! ते मल्लेशीनं घडवलं होतं.

आणि मी? मला ते सलत होतं का? हो — सलत होतं.

बहिणीच्या लग्नाला गावी जाताना मल्लेशीनं खेळ माझ्यावर सोपवला. "नवं काय घालू नको बाबा," एवढंच म्हणाला. पण मला वाटायचं, अवघड तेच भारी. सगळ्यांनी म्हणावं, ह्यानं तर मल्लेशीवर ताण केली. मी नावेपुढे भोवरा घातला आणि सगळ्याच्या सगळ्या कवड्या उताण्या मागितल्या. तशा कधी पडतात का? नावाडी बुडाला. आणि बुडालेला परत येत नाही, हा खेळाचा नियमच होता.

बाकीचे चहाला खाली उतरले; नरसय्या कवड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्ये तू ठरवलंस व्हय?"

नुसतं हो म्हणायचं होतं. चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. मी म्हणालो, "मी कशाला? मल्लेशीच सांगून गेलाय. म्हणाला, नरसय्या लई चढलाय, उतरव त्याला."

तो चपला घालून जिना उतरला. पुन्हा आला नाही. मल्लेशी रस्त्यात दिसला तरी मान फिरवायचा. नरसय्या काही जाब विचारणारा माणूस नव्हता, आणि त्या भरवशावरच मी गप्प राहिलो.

नरसय्या का येत नाही, असं मल्लेशीनं मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं — खेळ त्याला झेपेना झाला. झालं! मल्लेशीनं सगळं सोपं करायला घेतलं. आणखी सोपं. नदीसुद्धा ओढ्यासारखी. चव गेली, माणसं गळाली, माडी बंद झाली. त्यानं पुन्हा काही रचलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तो जुळे सोलापुरात माझ्या घरी आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "माझंच माप चुकलं बघ. नरसय्याला झेपंल तेवढंच द्यायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, "असेल."

दोघंही आता नाहीत. मल्लेशीचं माप चुकलं नव्हतं. नरसय्याबद्दल तो वाकडा शब्द कधीच बोलला नव्हता. 'उतरव त्याला' हे वाक्य माझं होतं.