लतिकाताईंच्या जागी

दुपारची तालीम सुरू व्हायला अवकाश आहे, म्हणून हेमांगी ग्रीनरूममधल्या चटईवर आडवी होते. डोळे जडावतात, पण मनातली घालमेल थांबत नाही. ‘रांगेतल्या बायका’ हे समूहात नाचणाऱ्या मुलींवरचं गाजलेलं संगीत नाटक पुन्हा उभं राहतंय. त्यात प्रत्येक मुलगी पुढे येऊन आपली खरी हकिगत सांगते. हेमांगीला मात्र दिग्दर्शकांनी लतिकाताई मूळ नाटकात सांगायच्या ती हकिगत दिलीय. तिला नाच शिकवणाऱ्या लतिकाताई गेल्या वर्षीच वारल्या.

“सरक जरा,” कुणीतरी म्हणतं.

लतिकाताई शेजारी टेकतात. चटई आता त्यांच्या गिरगावातल्या स्वयंपाकघरात आहे. चहा उकळतोय. ओट्यामागे भिंत नाही. खुर्च्यांच्या रांगा आहेत, माणसांनी भरलेल्या.

“ताई, तुमचं भाषण मला दिलंय.”

“मग? हमखास टाळ्या आहेत त्याला.”

“आहेत हो. पण बोलताना तोंड माझं वाटतच नाही.”

“तुझं काय आहे सांगण्यासारखं?”

हेमांगी खुर्च्यांकडे बघते. मग हळूच म्हणते, “माझा अन्वय अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. त्याला घरी ठेवून प्रयोगाला आले. ऐन गाण्यात पान्हा फुटला. चोळी भिजली, तरी मी हसत नाचत राहिले. तुम्ही रांग मोडून माझ्यापुढे येऊन नाचलात.”

“बोलणी खाल्ली होती त्याबद्दल,” ताई हसतात. “कुणाला सांगितलंस हे?”

“कुणालाच नाही. लाज वाटायची.”

“आणि आता?”

“आता नाही वाटत.”

ताई तिचं मनगट घट्ट धरतात. “माझं मी बोलून गेले गं. चल, पुढे हो.” त्या ओढतात. पायाखालची फरशी लाकडी होते, डोळ्यांवर दिवे येतात.

“हेमांगीताई, तालीम!” दाराबाहेरून हाक येते.

ती खडबडून उठते आणि तडक रंगमंचावर मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहते. “सर, लतिकाताईंचं मी बोलणार नाही. माझं बोलणार.”

दिग्दर्शक वैतागतात. “अहो, आता? आणि आहे काय तुमचं?”

“आधी ऐका. मग काय ते ठरवा.”

ते नाइलाजाने खुर्चीत बसतात. हेमांगी ओढणी कमरेला खोचते, तेव्हा तिचं मनगटाकडे लक्ष जातं. त्यावर चार बोटांचे लालभडक वळ आहेत.

ती बाही खाली ओढत नाही. रांगेतून पुढे येते आणि बोलू लागते.