डासकाकांचं जुनं डोकं

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना साऱ्या विज्ञानाकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे: आपल्या बायकोला चावलेला डास नेमका कुठल्या पाण्यात जन्मला? चंद्रावर पाणी आहे का, याची चौकशी करायला जगात माणसं आहेत. गच्चीवरच्या पाण्याची चौकशी करायला हे एकटेच.

त्यांना सगळे डासकाका म्हणतात. हे नाव आम्ही चेष्टेने ठेवलेलं नाही, ते त्यांनी नोकरीत कमावलेलं आहे. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात ते आधी फवारणीवर होते. पाठीला यंत्र बांधून गल्लीगल्लीत धूर सोडायचे. त्या धुराने डास किती मेले हे कोणी मोजलं नाही, पण काकांच्या छातीचा भाता झाला. जिना चढताना ते पहिल्या मजल्यावर असले की तिसऱ्या मजल्याला कळायचं. शेवटी डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं आणि खात्याने त्यांना जनजागृती विभागात टाकलं. खात्यात ज्याचं काय करावं हे कळत नाही तो माणूस जनजागृती करतो.

त्याच सुमारास मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की लोक पत्रकं वाचत नाहीत, तेव्हा लोकांना डासच दाखवावा. माणसाएवढा, पंखांचा, सहा पायांचा. शाळांत न्यायचा, बाजारात फिरवायचा, आणि शेवटी सर्वांसमक्ष मारायचा. समिती बसली. समितीत कीटकशास्त्राच्या मॅडम होत्या. बाई हुशार आणि सरळ, म्हणून खात्यात जराशा एकट्या. चित्रकाराने डासाला झुपकेदार मिशी काढली होती. मॅडम म्हणाल्या, "चावते ती मादी. नर बिचारा फुलांचा रस पितो. मिशी काढा."

साहेब म्हणाले, "मॅडम, बाईला खलनायक केलं तर उद्या माझ्या दारात मोर्चा येईल. मिशी राहू द्या."

"पण ते शास्त्राला धरून नाही."

"शास्त्राला नको, लोकांना धरून पाहिजे."

शेवटी तोडगा निघाला. मिशी ठेवली आणि वर लांब पापण्याही लावल्या. असा हा उभयपक्षी डास तयार झाला आणि काका त्याच्या आत शिरले.

घरी काकूंनी ही शास्त्रीय माहिती लगेच वापरात आणली. "म्हणजे नर घरात रस पीत बसणार," त्या म्हणाल्या, "आणि बाहेर जाऊन बाईमाणसाचं नाव खराब करणार. तुमच्यात काही फरक पडला असं मला वाटत नाही." काकू अशा. त्यांच्या बोलण्याला धार होती आणि ती फक्त काकांवरच परजलेली असायची. इतरांशी लोण्यासारख्या.

काकांना मात्र हे सोंग लागू पडलं. आयुष्यभर ज्या माणसाला कोणी दार उघडून 'या' म्हटलं नव्हतं, त्याच्याभोवती शाळेच्या शाळा गोळा व्हायला लागल्या. खरी मजा मरणाची होती. खात्यातला जोडीदार नुसत्या पाण्याचा फवारा मारायचा आणि काका मरायला घ्यायचे. सुरुवातीला ते पटकन मरत. मग कला वाढली. एक गुडघा टेकायचा, मग दुसरा, पंख थरथरवायचे, उठून पुन्हा पडायचं. आणि शेवटचा श्वास घेताना घोगऱ्या आवाजात सांगायचं, "मी जातो. पण तुमच्या घरातल्या पाण्यात माझी पोरं आहेत." मुलं आधी टाळ्या वाजवायची. पुढे पुढे रडायला लागली. पालक फोनवर चित्रण करून एकमेकांना पाठवू लागले. डासाचे फुगे निघाले, दप्तरं निघाली, एका केकवाल्याने डासाचा केक केला. मिशी आणि पापण्यांसकट.

मग एका शाळेतल्या मुलीने खिडकीत गुपचूप वाटीभर पाणी ठेवलेलं सापडलं. विचारलं तर म्हणाली, डासाच्या पोरांसाठी.

मॅडम साहेबांकडे गेल्या. "आपण डासाला मुलांचा लाडका केलाय. रुग्ण एकानेही कमी झालेले नाहीत."

"रुग्ण कमी होतील हो," साहेब म्हणाले. "पण खात्याला एवढी प्रसिद्धी आजवर मिळाली होती का?"

एक गोष्ट मात्र मॅडमनी कार्यक्रमात आग्रहाने घालून घेतली होती. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका, खरा धोका तिथून पुढे असतो, असं डासाने सांगायचं. काकांनी ते सांगितलंही काही दिवस. पण त्या वाक्याला मुलं जांभया द्यायची, हातपाय हलवायची, आणि पुढचं मरण रंगायचं नाही. वाक्य गळलं. कोणी गाळायला सांगितलं नव्हतं. नाटकात नको असलेलं वाक्य आपणहून गळतं.

वापरून वापरून पहिलं डोकं जड वाटू लागलं. फायबरचं होतं ते, घातलं की काकांच्या भात्याला हवा पुरायची नाही. खात्याने फोमचं हलकं डोकं करून दिलं. जुनं भांडारात जमा करायचं, तर काका ते घरी घेऊन आले.

"भांडारात उंदीर खातील," ते म्हणाले.

"इथे मी खाईन," काकू म्हणाल्या. "माझ्या कपड्यांना कपाटात जागा नाही, आणि ह्यांना दोन-दोन डोकी. एक होतं तेच कधी वापरलेलं पाहिलं नाही."

डोकं गच्चीवर गेलं. वाऱ्याने गडगडू नये म्हणून काकांनी त्याची सोंड पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या फटीत घट्ट खोचली. सोंड खाली म्हणजे मान वर. ज्या भोकातून काका आपलं डोकं घालत, ते आता आभाळाकडे तोंड करून उघडं होतं, एखाद्या रांजणासारखं. आणि टाकी भरली की तिच्या नळीतून जे पाणी ओघळायचं ते बरोबर त्यात पडायचं.

हे कोणालाच दिसलं नाही, असं म्हणता येत नाही. सगळ्यांना दिसत होतं. आम्ही कपडे वाळत घालायला जायचो, मुलं तिथे खेळायची, येताजाता त्या डोक्याला टपली मारायची. खात्याचं तपासणी पथकही येऊन गेलं. पथकात काकांचेच जुने सोबती. त्यांनी गच्चीवरची प्रत्येक बादली उपडी केली, फुटक्या कुंड्या झटकल्या, कोणाचा तरी टाकलेला टब लाथ मारून आडवा केला. एका डब्याच्या झाकणात चमचाभर पाणी होतं, तेही फेकलं. मग टाकीपाशी आले.

"उस्ताद इथे उलटे काय करतायत?" एकजण म्हणाला.

"तपश्चर्या," दुसरा म्हणाला आणि त्याने डोक्याला सलाम ठोकला.

काका त्यांच्याबरोबरच उभे होते. तेही हसले. मग सगळे चहाला खाली उतरले. बाकी कुठल्याही भांड्यात डास होऊ शकतो हे त्यांना पाठ होतं. पण डासाच्या डोक्यात डास होईल, हे त्या माणसांच्या मनात कुठून येणार? ते त्यांच्या लेखी भांडं नव्हतंच. ते उस्ताद होतं.

काकूंना ताप आला तेव्हा काकांनी पहिल्याच दिवशी नाव सांगितलं. डोळ्यांमागे दुखतंय, सांधे ठणकतायत, काकांना विचारायची गरज नव्हती. रक्त तपासलं, निघालं तेच. आम्ही शेजारी धावलो आणि शेजारी जे जे करतात ते सगळं केलं. कोणाच्या फोनवर कुठल्याशा पानांच्या रसाची कृती आली होती, कोणी बकरीचं दूध सुचवलं, तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी शाळकरी मुलांना सुट्टी देऊन उशाशी बसून घेतलं. काकू ग्लानीतही बोलायच्या. "जगभर लोकांना सांगत हिंडतात डास पाळू नका," त्या बाईंना म्हणाल्या, "आणि मी जन्मभर एक पाळलाय."

मग ताप उतरला. काकू उठून बसल्या, भात मागितला, काकांच्या दाढीवरून त्यांना चार शब्द सुनावले. घरात एकदम मोकळं वाटलं. आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो. काका पायथ्याशी खुर्ची टाकून बसले आणि कित्येक दिवसांनी त्यांना झोप लागली.

संध्याकाळी काकूंचे हातपाय गार पडले होते. दवाखान्यात नेलं, पण नाडी हाताला लागेना. काकू गेल्या. त्या गळलेल्या वाक्यात होतं तसंच झालं, शब्दन् शब्द.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम स्वतः आल्या. सांत्वनाचे शब्द त्यांना जमत नाहीत, म्हणून त्या बॅटरी घेऊन आल्या. घरातलं पिंप, फुलदाणी, न्हाणीघर पाहिलं. सगळं कोरडं, झाकलेलं. काका अभिमानाने नव्हे, पण सवयीने एकेक झाकण उचलून दाखवत होते. मग मॅडम गच्चीवर गेल्या. पथकवाले आणि आम्ही शेजारी मागून. मॅडम सरळ टाकीपाशी गेल्या आणि त्यांनी डासाच्या मानेत बॅटरी मारली.

आत निम्म्यापर्यंत पाणी होतं, अगदी नितळ. त्यात अळ्या वरखाली करत होत्या.

ज्याने सलाम ठोकला होता तो जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. मॅडमनी सोंड फटीतून उपसली आणि डोकं आडवं केलं. पाणी गच्चीभर पसरलं, उन्हात अळ्या वळवळल्या आणि थोड्या वेळाने थांबल्या.

"ह्यातलाच होता का?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"अंदाजाने सांगा."

"हा डास फार लांब उडत नाही. पण ह्या गल्लीत आम्हाला अजूनही पुष्कळ ठिकाणी अळ्या मिळाल्यात. शेजारच्या दुकानाच्या मागे, समोरच्या बांधकामावर. शक्यता ह्याची आहे, तशी त्यांचीही आहे."

"मॅडम, एवढं शिकलात ते सांगता येत नाही हे सांगायला?"

"बरंचसं त्यासाठीच," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं तर त्या दिवशी त्यांनी ते केलं असतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण कुठल्या बाजूचं खोटं बोलावं हेही त्यांना कळत नसावं.

काकांना दिलासा सोसवत नव्हता. शंभर शाळांत त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं होतं की दोष तुमच्याच घरातल्या पाण्याचा. आता त्यांच्याच घराच्या वेळी विज्ञान म्हणत होतं, नक्की नाही. मोठे साहेब भेटायला आले तेव्हा काका म्हणाले, "साहेब, मला लोकांसमोर सांगू द्या. डोक्यात अळ्या होत्या म्हणून."

साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. माणूस मनाने वाईट नाही. "तुझं दुःख मोठं आहे," ते म्हणाले, "पण डास आपल्या खात्याचा चेहरा आहे. लोक हसतील रे. आणि मॅडमच म्हणतात ना, नक्की नाही म्हणून?" विज्ञानाला धरून राहायची साहेबांची ही पहिलीच वेळ.

काकांनी फोमचं डोकं परत केलं. आता त्यात दुसराच कोणी तरणा माणूस मरतो. तो उड्या छान मारतो म्हणे. काका स्वतः मागणी करून तपासणी पथकात गेले आणि तिथे त्यांना जुना अनुभव पुन्हा आला: साध्या तोंडाने गेलं की दार कोणी उघडत नाही. "आमच्याकडे काही नाही," लोक साखळीआडून सांगतात. काका म्हणतात, "बघू तर द्या." आणि भाता फुंकत आत शिरतात. पूर्वी लोकांना हसवायचे, आता लोकांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या उचलतात, मोऱ्यांत बॅटऱ्या मारतात. अळ्या सापडल्या तर रागावत नाहीत. घराचा दरवाजा, आमची गच्ची आणि मधलं अंतर यांच्याकडे एकदा नजर टाकतात, एवढंच. मुलं अजूनही रस्त्यात विचारतात, "काका, डास होऊन दाखवा ना." ते डोक्यावरून हात फिरवून पुढे जातात.

गेल्या महिन्यात त्यांनी आमचीच इमारत घेतली, वरून खाली. तिसऱ्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाईंकडे माझी बायको गप्पा मारत बसली होती. बाईंनी दार सताड उघडलं. "या काका, बघा, सगळं चकचकीत आहे." आणि खरंच होतं. काकांनी पिंप पाहिलं, मोरी पाहिली, मग फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. मागे खाली एक पसरट तबक असतं, त्यात बर्फाचं पाणी गळतं. ते आहे हे निम्म्या जगाला माहीत नसतं. काकांनी ते सरकवून बाहेर काढलं आणि बॅटरी मारली.

बाईही वाकल्या. त्यांना दिसलं.

"काका," त्या म्हणाल्या, "काकू तर रोज दुपारी माझ्याकडेच येऊन बसायच्या. शिकवणीच्या आधी. हा डास दिवसाच चावतो ना?"

"दिवसाच."

"मग इथेच...?"

काकांना वर्षभर हवं होतं ते उत्तर त्या तबकात आयतं होतं. हो म्हणाले असते तर गच्चीवरचं ओझं एका मजल्याने खाली उतरलं असतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा हात तोंडाशी गेला होता.

"सांगता येत नाही," काका म्हणाले.

"पण शक्यता?"

"आहे. गच्चीवरचीही आहे. फडकं द्या एखादं जुनं."

त्यांनी तबक मोरीत पालथं केलं, फडक्याने कोरडं पुसलं, पुन्हा सरकवून बसवलं. दर आठवड्याला काढत जा, म्हणाले. मग निघताना दाराशी थांबले आणि त्यांनी विचारलं, काकू कुठल्या खुर्चीत बसायच्या. बाईंनी खिडकीजवळची वेताची खुर्ची दाखवली. काकांनी खुर्चीपासून फ्रिजपर्यंत पाहिलं, मग मान वर करून छताकडे, जिथे वर आमची गच्ची आहे. बाईंनी 'बसा' म्हटलं, पण बसले नाहीत.

पुढचं दार आमचं. माझी बायको तोवर घरी पळत आली होती. काकांनी बेल वाजवली, तेव्हा आम्ही दोघं मिळून फ्रिज भिंतीपासून ओढत होतो, आणि दार उघडायला कोणीच मोकळं नव्हतं.