भागीरथाबाईंनी सांगितलेला राजवाडा

नंदनवन वस्तीतल्या आमच्या शेजारीण भागीरथाबाई यात्रा कंपनीच्या बसबरोबर सव्वीस वर्षं स्वयंपाकीण म्हणून फिरल्या. मराठी माणूस जयपूरला गेला तरी वरणभातच मागतो, त्यामुळे डिकीत शेगडी आणि मागच्या सीटवर भागीरथाबाई हे ठरलेलं. नवरा लवकर गेला होता. त्या निघाल्या की त्यांची एकुलती हर्षा माझ्याकडे झोपायची. आई परतली की पोरगी आधी गोष्ट मागायची, मग खाऊ. ओरछ्याचा राजवाडा तर बाईंनी इतक्यांदा सांगितला की मलाही पाठ झाला.

हर्षा आता धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात तिनं सुटी घेतली, आईबरोबर माझंही तिकीट काढलं आणि म्हणाली, "आई, तुह्या ओरछ्याले चाल. तूच आमाले सगळं दाखव."

मी खूश, पण बाईंचा चेहरा उतरला. गाडीत एका स्टेशनावर हर्षा चहा आणायला उतरली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "ताई, मी आत कधी गेलीच नाही वं. लोकं राजवाडा पाहाले जात, अन् मी धर्मशाळेत पोळ्या लाटत होती. जेवताना ते जे बोलले, तेच मी पोरीले सांगितलं. तिले घरी टाकून जात होती ना, मंग रिकाम्या हातानं कशी येऊ? आता तिले काय तोंड दाखवू?"

सव्वीस वर्षांत एकदाही नाही? मला कंपनीवाल्यांचा रागच आला. मग आठवलं, हर्षा नर्सिंग शिकायला होस्टेलवर होती तेव्हा एकदा त्याच बसनं मीही ओरछ्याला गेले होते. महाल बघून आले आणि बाईंच्या हातचं पिठलं दोनदा मागून घेतलं. तुम्ही पाहिलात का, एवढं काही मला विचारता आलं नाही. लाज वाटली.

दगडी पूल ओलांडून आम्ही आत शिरलो. हर्षा उत्साहानं पुढे. "आई, तुह्या गोष्टीतला तो मोराचा दरवाजा कुठी आहे वं?"

बाईंनी उगाच डावीकडे हात केला. तिथला पहारेकरी हसला. "माताजी, मोर वाला दरवाज़ा तो जयपुर में है."

बाई मटकन पायरीवर बसल्या. "हर्षा, मी तुले खोटं सांगितलं. मी कोणताच राजवाडा पाह्यला नाही."

"मले माहीत आहे," हर्षा शेजारी बसली. "सहावीत होती तेव्हापासून."

"मंग काहून बोलली नाही?"

"तुह्या गोष्टीतला राजा लढाईवर कधी गेलाच नाही, आई. आला की म्हणे, भूक लागली. अन् राणी बसल्या बसल्या इचारे, पोळी गरम आहे का? जयपूर असो का ओरछा, सगळे जेवूनच राहिले होते. तू कुठी होती, ते समजत होतं मले. गोष्ट बंद होईन म्हणून नाही बोलली. आजही म्हणूनच दरवाजा इचारला, अन् तुले खरा राजवाडा दाखवाचा होता."

बाई पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले, लपवत कशाला? मग हर्षानं त्यांना उठवलं आणि हात धरून सगळे जिने, सगळे सज्जे दाखवले. गुडघे कुरकुरत होते, बाई नाही.

दुपारी बाहेरच्या खानावळीत बसलो. सवयीनं बाई वाढायला उठू लागल्या, हर्षानं खांद्याला धरून खाली बसवलं. वाढपी आला. बाईंनी पदर सावरला, पाठ ताठ केली आणि विचारलं, "रोटी गरम है क्या?"