जाळीदार बियांचा लव्हाळा

माजिदा शेख सोलापूरच्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात कामाला लागली ती सुईदोऱ्यामुळे. त्याआधी बारा वर्षं ती अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होती. कापडावर भिंग टेकवायचं, इंचात धागे किती ते मोजायचं, विणीतला दोष पकडायचा. गुडघे दुखायला लागले तसं ते उभ्यानं करायचं काम सुटलं. इकडं विभागाच्या राजनंदिनी मॅडमना वाळवलेली झाडं जाड कागदावर टाके घालून बसवणारं माणूस हवं होतं. माजिदाचा टाका इतका बारीक, की काडी कुठं अडकवलीय ते शोधावं लागायचं.

दुसऱ्या वर्षी तिच्यासमोर लव्हाळ्यांचा जुना गठ्ठा आला. लव्हाळा दिसतो गवतासारखाच, पण त्याची काडी तिधारी असते. बोटांत फिरवली की लगेच कळतं. एकाच नावाचे अकरा कागद होते. जुन्या सवयीनं माजिदा प्रत्येक तुऱ्यावर भिंग टेकवायची. दहा कागदांवरचं बी गुळगुळीत होतं. अकराव्यावरचं मात्र खरबरीत, अंगावर चौकोनी जाळी असल्यासारखं.

दोन दिवस ती कुणाला बोलली नाही. आपण सातवी शिकलेल्या, आणि नावं लिहिणारे प्रोफेसर. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिली.

"मॅडम, ह्याची वीण वेगळी हाय."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. "माजिदाताई, तुमचं बरोबर वाटतंय. पण दोनच बिया उरल्यात, त्याही तीस वर्षांपूर्वीच्या. ताजं झाड मिळाल्याशिवाय ठामपणे नाही सांगता येणार."

कागदावर जागा लिहिली होती : अक्कलकोटच्या अलीकडे, ओढ्याचा काठ. माजिदाचा नवरा इमामसाब छोटा हत्ती टेम्पो चालवायचा आणि दर मंगळवारी चादरींचे गठ्ठे घेऊन अक्कलकोटलाच जायचा. सप्टेंबरपासून माजिदा त्याच्या शेजारी बसून जाऊ लागली.

"घासच देखनी थी तो घर के पिछे क्या कम है?" तो म्हणाला. पण तिला खाली बसायला गोणपाट त्यानंच आठवणीनं घेतलं होतं.

ओढ्यावर आता बंधारा झाला होता आणि काठापर्यंत ऊस. पहिल्या दिवशी तिनं हरखून, भिंगही न टेकवता एक झुबका आणला. मॅडम म्हणाल्या, हा नेहमीचाच. त्या संध्याकाळी माजिदाला जेवण गेलं नाही. पुढचे दोन मंगळवारही रिकामे गेले.

चौथ्या मंगळवारी ओढ्याकाठी मेंढरं घेऊन आलेली एक म्हातारी तिला बघत उभी राहिली. मेंढरांना कानडीत हाकत ती जवळ आली. तिचं नाव गोजाबाई.

"काय हुडकाय लागलीस, बाई?"

माजिदानं मोबाईलवरचा अकराव्या कागदाचा फोटो दाखवला.

"ह्ये व्हय! मेंढरं तोंड लावत न्हाईत ह्याला. ह्ये हितं न्हाय मिळायचं. वर माळाला चल की, मुरूम काढलेल्या खड्ड्याकडं."

खड्ड्यात ढोपरभर पाणी साचलं होतं. काठाला वीतभर उंचीचे झुबके उभे होते. माजिदा गोणपाटावर बसली, तुरा चोळून बी तळहातावर घेतलं, भिंग टेकवलं. तीच चौकोनी जाळी! ती ओरडलीच. तिला साप चावला असं वाटून खाली रस्त्यावर थांबलेला इमामसाब टेम्पोतली लोखंडी टामी घेऊन माळ चढून धावत आला. गोजाबाईला हसू आवरेना.

"अगे, मेरी तो जान निकल गई!" दम खात इमामसाब म्हणाला. मग त्यानंच खड्ड्याभोवती फिरून झुबके मोजले. सतरा.

थोडे असतील तर मुळासकट एकच घ्यायचा, असं मॅडमनी शिकवलं होतं. माजिदानं एकच घेतला, बाकीच्यांचे फोटो काढले. तारीख, पाण्याची खोली, शेजारी काय उगवलंय, सगळं वहीत लिहिलं.

मॅडमनी नमुना पुण्याच्या एका अभ्यासकांकडे पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जात नवी नव्हती, पण सोलापूर जिल्ह्यातून तिची नोंद कुठंच नव्हती. इतकी वर्षं ती दुसऱ्याच नावाखाली गठ्ठ्यात पडून होती.

नव्या कागदाच्या चिठ्ठीवर मॅडमनी लिहिलं : संकलक माजिदा इमामसाब शेख, क्रमांक १. म्हणजे तिनं गोळा केलेला पहिला नमुना.

"गोजाबाईंचंबी नाव टाका मॅडम. जागा त्यांनी दावली."

मॅडमनी तेही लिहिलं.

पुढच्या मंगळवारी माजिदा त्या चिठ्ठीचा फोटो घेऊन माळावर गेली. तिनं नाव वाचून दाखवल्यावर गोजाबाईनं "बरं झालं की" एवढंच म्हटलं आणि तिचा हात धरून तिला पलीकडच्या उतारावर नेलं.

"ह्ये बघ, ह्ये बी लिव. मेंढरं ह्याच्यावर लई जीव टाकतात. पैल्यावानी गावत न्हाय आता."

जांभळट ओंब्यांचं गवत होतं, माजिदानं कधी न पाहिलेलं. तिनं गोणपाट अंथरलं. खाली रस्त्यावर इमामसाबनं हॉर्न वाजवला, तिनं हातानंच त्याला थांबायला सांगितलं.