ऐंशी पावलं पूर्वेला

आमच्या दैनिकात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. वीस वर्षं तो नगरपालिकेच्या बातम्या देत होता, आणि रस्त्यावरचा खड्डा पावलांनी मोजल्याशिवाय त्याची बातमी करत नसे. लग्न केलं नव्हतं. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची विधवा थोरली बहीण राहत. ती म्हणायची, "तू मेलास तरी कितव्या पायरीवर मेलास ते सांगूनच मरशील."

युद्ध सुरू झालं तेव्हा बाहेरून आलेले वार्ताहर हॉटेलात उतरले. चौथ्या दिवशी हॉटेलच्या दारातच त्यांच्यातल्या एकाचं डोकं उडालं. बाकीचे एकाच गाडीत दाटीवाटीनं बसून निघून गेले. युद्धाच्या बातम्या द्यायला उरला फूटपट्टी.

नदीपलीकडच्या टेकडीवर शत्रूच्या तोफा होत्या. गोळा पडला की धूर बसायच्या आत हा वही घेऊन तिथे हजर. भाजीबाजारात गोळा पडला त्या दिवशी एकही प्रेत धड नव्हतं. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तो फक्त डावे पाय मोजत फिरला. चौदा भरले. मग भिंतीला हात टेकून ओकला आणि पुन्हा मोजायला लागला. गावाला त्याच्या बातमीचा आधार होता. कुणाची आई पलीकडच्या गल्लीत, कुणाची लेक बाजारामागे; कोण वाचलं असेल, कुठून जायचं नाही, ते त्याच्या ओळींवरून कळे.

नळ बंद झाले होते. पाणी फक्त पंपघराशी मिळे. एका दुपारी शाळेच्या रिकाम्या मैदानात गोळा पडला, कुणाला खरचटलंही नाही. फूटपट्टीनं बातमी दिली: गोळा पंपघराच्या ऐंशी पावलं पूर्वेला पडला, पंप सुरळीत चालू असून सकाळी सातला नेहमीप्रमाणे पाणी मिळेल. लोकांना दिलासा, एवढाच हेतू. आमच्या बातम्या संध्याकाळी रेडिओवर वाचल्या जात, आणि रेडिओ नदीपलीकडेही ऐकू जाई.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी तीन गोळे आले. तिन्ही रांगेवर.

तो धावत पोहोचला तेव्हा फुटलेल्या बादल्यांतलं पाणी लाल होऊन उतारानं येत होतं. एक बाई बसल्या जागी स्वतःची आतडी पदरात धरून होती आणि "कुणीतरी पोराला हाक मारा," एवढंच म्हणत होती. ती त्याच्यासमोरच गेली. पाण्याला आलेली त्याची बहीण पंपघराच्या कठड्याशी सापडली, जिवंत. उजवा हात कोपरापासून नव्हता.

हॉस्पिटलात बहिणीच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त तोफची पडून होता. यानं वही काढलेली पाहून तो म्हणाला, "कालची बातमी तुमचीच ना?"

"हो."

"तोफेला डोळे नसतात, साहेब. घरांच्या मागे गोळा कुठे पडला हे तिकडून दिसत नाही. कुणीतरी सांगावं लागतं." मग कूस बदलून म्हणाला, "नेम ऐंशी पावलं पश्चिमेला सरकवला, झालं."

फूटपट्टी तडक संपादकांकडे गेला. पंप शाबूत होता, उद्या सातला पुन्हा रांग लागणार होती. संपादकांनी दार लावून घेतलं. "पंप उद्ध्वस्त झाला असं लिहा. म्हणजे ते तोफा दुसरीकडे वळवतील."

"पण लोकही तेच वाचतील. पाण्यासाठी नदीवर जातील. काठावर बंदुका रोखलेल्या आहेत."

"मग दारोदार जाऊन सांगा की खोटं आहे. पण छापा हेच."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खोटी बातमी लिहिली. लगेच बाहेर पडून एकेक दार ठोठावत सुटला. अंधार पडल्यावर संचारबंदी लागली तेव्हा तो बहिणीच्या खाटेशी आला.

"किती घरं झाली रे?"

"दोनशे बारा."

"आणि राहिली किती?"

"ताई, गप्प पड."

सकाळी पंपघरावर एकही गोळा आला नाही. नदीवर मात्र सहाजण मारले गेले, सगळे न सांगितलेल्या गल्ल्यांतले. एकाचा गळा फाटला होता तरी त्यानं कॅन सोडला नव्हता. फूटपट्टीनं सहाही नावं विचारून घेतली आणि छापली. ते नदीवर का गेले, ते लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तर पंप चालू असल्याचं टेकडीवर कळलं असतं.

दोन दिवसांनी त्यातल्या एकाची बायको कार्यालयात आली. हातात रिकामा कॅन.

"भाऊ, आमच्या ह्यांचं नाव कुणी नीट लिहीत नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत. तेवढं सांगायला आले."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. फूटपट्टी उठून तिच्यासमोर गेला.

"पंप चालू आहे, बाई. ती बातमी खोटी होती. मीच लिहिली. तुमच्या गल्लीत यायचं राहून गेलं."

मग तिनं कॅन दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर हाणला, पुन्हा हाणला. भुवई फाटली, दात पडला. त्यानं हात वर केले नाहीत. संपादक धावले तर त्यानंच त्यांना अडवलं.

दम लागल्यावर ती थांबली. "किती वाजता असतं पाणी?"

"सातला. पण ओरडून सांगू नका कुणाला."

"मेल्या, मला शिकवू नकोस," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत होती. तोही होता, सुजलेल्या तोंडानं, बहिणीची बादली घेऊन. बाईचा कॅन भरला तसा तो उचलायला पुढे झाला. तिनं त्याचा हात बाजूला सारला, मागच्या म्हातारीची कळशी त्याच्याकडे ढकलली आणि आपला कॅन उचलून चालू लागली.