मलकपेठेतलं होम थिएटर आणि खालची एकुलती एक बेडरूम

“आधी दिवे बंद करू द्या मॅडम, मग किंमत लावा,” माधवराव देवणीकर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पडद्यावर हेलिकॉप्टर उडालं. आवाज उजव्या कानामागून आला, डोक्यावरून गेला आणि डावीकडे विरला. खरंच झकास होतं. मी तसं सांगितलंही. माधवराव रेल्वेत सिग्नलच्या खात्यातून निवृत्त झालेले, सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं. हैदराबादच्या मलकपेठेतलं हे दुमजली घर विकून त्यांना सिकंदराबादला लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. गिऱ्हाइकं येत होती, पण माधवरावांच्या मनातला आकडा कुणी बोलत नव्हतं. म्हणून त्यांनी घरांची खरेदी-विक्रीही बघणाऱ्या आमच्या ऑफिसकडून व्हॅल्युएशन मागितलं. व्हॅल्युअरचा कागद पुढे ठेवला की घासाघीस बंद, असा त्यांचा अंदाज.

व्हॅल्युअर म्हणजे मी. जमीन किती, बांधकाम किती जुनं, आसपासची तशी घरं अलीकडे काय भावाने गेली, हे बघायचं आणि आज बाजारात या घराला काय येईल ते लिहायचं. मालकाने हौसेने काय खर्च केला, ते यात येत नाही. बहुतेक भांडणं इथेच होतात.

दिवे लागल्यावर मी खोली मोजायला घेतली, तेव्हा कळलं की हिला खिडकीच नाही. उजेड नको म्हणून ती विटांनी बुजवली होती. भिंतींना आवाज शोषणारे जाड पॅनल, मागच्या खुर्च्यांखाली लाकडी चौथरा. एका पॅनलमागे दार निघालं. उघडलं तर बाथरूम. कमोडवर फळी टाकून अ‍ॅम्प्लिफायर मांडले होते.

“काका, ही आधी बेडरूम होती?”

“हौ. खालची तेवढी एकच. पण आम्ही वरच झोपायचो ना.”

बाहेर हॉलमध्ये त्यांच्या पत्नी विमलकाकू दिवाणावर बसल्या होत्या. शेजारी वॉकर. उशी, औषधं, कंगवा, चष्मा, सगळं त्या दिवाणावरच. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांचा जिना सुटला होता. त्या हॉलमध्येच झोपायच्या आणि भिंतीला धरून जिन्याखालच्या अरुंद संडासात जायच्या. कोणी आलं-गेलं की अंगावर चादर ओढून बसायचं. घर विकायला काढलं होतं ते एवढ्यासाठीच.

ऑफिसात आमचे राव सर वाटच बघत होते.

“मॅडम, पार्टी पुरानी पहचान की है. थिएटर का पूरा खर्चा अ‍ॅड कर देव ना.”

मी नाही म्हणाले. खुर्च्या, स्पीकर, प्रोजेक्टर उचलून नेता येतात, ते घराच्या किमतीत धरत नाहीत. जे उरतं, ती बिनखिडकीची खोली. ती पुन्हा राहण्याजोगी करायचा खर्च घेणारा आपल्या आकड्यातून कापणारच.

“मतलब थिएटर से रेट कम हुआ?”

“हौ सर.”

“तो आप ही जा के बोलो उनको. मेरे से नहीं होता.”

“मी बोलते. पण रिपोर्टवर सही माझी आहे, आकडा बदलणार नाही.”

सर मान हलवत चहा प्यायला निघून गेले.

माधवरावांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्यापुढे टाकला.

“आमची निम्मी ग्रॅच्युइटी आहे त्या खोलीत. मॅचच्या दिवशी अख्खी गल्ली इथे बसायची. आणि तुम्ही म्हणता, किंमत शून्य?”

“काका, गल्ली बसायला येते, घर विकत घ्यायला नाही. आलेल्या गिऱ्हाइकांनी काय विचारलं, आठवा.”

उत्तर काकूंनी दिलं. “सगळ्यांनी एकच विचारलं. खाली बेडरूम आहे का, आमच्या घरात म्हातारं माणूस आहे.”

“त्यांना शौक नाही,” माधवराव पुटपुटले.

“मॅडम,” काकू म्हणाल्या, “ही खोली पुन्हा खोली केली, तर किंमत वाढेल?”

“वाढेल.”

“मग करायची.”

“मी हात लावू देणार नाही,” माधवरावांचा आवाज चढला.

काकू वॉकर धरून उठल्या आणि त्या खोलीकडे निघाल्या. पडल्यापासून त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. दारातून आत वळल्या आणि वॉकर चौथऱ्याला अडला. त्यांनी तो उचलून वर ठेवायचा प्रयत्न केला. तोल गेला. माधवराव धावले. त्यांनी काकूंचा दंड पकडला, आणि तसेच उभे राहिले. स्वतःच्या घरातल्या एका खोलीत बायकोला पाऊल टाकता येत नाही, हे मला वाटतं त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“बसा आधी,” ते म्हणाले. “काढतो मी.”

आणि काढलं. पॅनल स्वतः उतरवले, चौथरा सुताराकडून फोडून घेतला, खिडकीच्या विटा गवंड्याने पाडल्या. खुर्च्या पडत्या भावाने गेल्या. ते दुःख मला फोनवर सविस्तर ऐकावं लागलं.

नवा रिपोर्ट करायला गेले तेव्हा खोलीत ऊन होतं. खिडकीला लागून पलंग, बाथरूममध्ये धरायला दांडा. काकूंनी दार आतून लावून, सावकाश, कुणाच्या धाकाशिवाय अंघोळ केली होती. केस ओले होते. मी नवा आकडा सांगितला. पुण्याहून आलेलं एक आयटीवालं जोडपं तेवढे पैसे द्यायला तयारच होतं.

“त्यांना नाही म्हणून कळवा,” काकू म्हणाल्या.

“अगं, भाव चांगला आलाय!” माधवराव म्हणाले.

“भाव कशाला? जिना चढवत नव्हता म्हणून घर सोडायचं होतं. आता चढायचंय कुणाला? मला इथून हलायचं नाही.”

माधवरावांनी माझ्याकडे बघितलं. मी टेप पर्समध्ये ठेवला. या विषयात व्हॅल्युअरचं मत कुणी विचारलं नव्हतं.

फाइल विक्रीविना बंद झाली. दलाली बुडाली म्हणून राव सर दिवसभर कुरकुरले.

होम थिएटर केल्याने घराला जास्त पैसे येतात का, असं लोक आजही विचारतात. मोठ्या व्हिलात जास्तीची खोली असेल तर घर लवकर उठतं कधीकधी, पण केलेला खर्च परत येताना मी तरी पाहिला नाही. मी त्यांना उलट विचारते, कुठली खोली घेणार आहात, आणि घरातल्या कुणाला ती उद्या लागणार आहे? बरेच जण मग टीव्हीच जरा मोठा घेतात.