शैलाताईंना बागा बघायच्या होत्या

हेल्मुटचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. इतक्या वर्षांत ते माझ्याशी जर्मनशिवाय बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र मराठीत दोनच शब्द म्हणाले, "शैला गेली." मी विचारलं, "कुठे?" ... हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, शैलाताई घरी आल्या होत्या, आदल्याच रविवारी त्यांनी माझ्या चहात आलं कमी पडल्याचं ऐकवलं होतं. बायको फिरायला गेली असेल, बेकरीत गेली असेल, तेच हे सांगताहेत असं मला वाटलं. त्यांनी तेच दोन शब्द पुन्हा म्हटले, तेव्हा कळलं.

साताऱ्याच्या शैलाताई हेल्मुटशी लग्न करून जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गला आल्या, तेव्हा इथे मराठी बोलायला त्यांना कुणीच नव्हतं. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर गावाबाहेर एक श्रेबरगार्टन भाड्याने घेतलं. म्हणजे भाजी-फुलांसाठी मिळणारा जमिनीचा छोटा तुकडा. असे तुकडे देणाऱ्या संस्थेचे नियम फार. कुंपण किती उंच, झाड कुठलं, दुपारी गवत कापायचं नाही. शैलाताई सगळे नियम पाळायच्या आणि प्रत्येक नियमावर चिडायच्या. मी नोकरीसाठी इथे आले तेव्हा नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायला माझ्याबरोबर त्याच आल्या होत्या. काउंटरवरच्या बाईला माझं आडनाव नीट म्हणता येईपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. तेव्हापासून मी त्यांचीच झाले.

यंदा त्यांना धाप लागायला लागली. हृदयाची झडप बदलायची असं ठरलं, तारीखही मिळाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी हॉलंडच्या बागा. तू चल." जूनमध्ये तिकडे बरेच जण घरच्या बागा लोकांना बघायला उघडतात, हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं, पण जाणं होत नव्हतं. डॉक्टरांनी थकायचं नाही या अटीवर होकार दिला. हेल्मुटना पाठीच्या दुखण्यामुळे इतका वेळ गाडीत बसवत नव्हतं. निघताना त्यांनी औषधांची पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "तिच्यावरची नजर हलवू नकोस."

मी ती हलवलीच नाही. गाडीत रेडिओ लावला नाही, कारण मला त्यांचा श्वास ऐकू यायला हवा होता. त्यांचा डोळा लागला की मी मुद्दाम काहीतरी विचारायची. "शैलाताई, एसी कमी करू?"

"अगं, झोपू दे की मला!"

पहिल्या बागेत पाण्याचे अरुंद चर होते, त्यांवर कठडा नसलेले लाकडी पूल. शैलाताई वाकून पाण्यातली कमळं बघत होत्या आणि मी त्यांचा दंड धरून उभी. दुसरी बाग एका जुन्या शेतघरामागे होती. माणसाहून उंच, सरळ कापलेल्या हिरव्या भिंती, त्यांच्यात दारं सोडलेली. एका दारातून आत गेलं की नुसती पांढरी फुलं, पुढच्या दारात जांभळी. अशा खोल्यांमागून खोल्या. मी पाण्याची बाटली भरायला वळले आणि परत फिरले तर शैलाताई नाहीत!

आधी मी हाका मारल्या. मग पळायला लागले. त्यांचा फोन माझ्याच खांद्यावरच्या पर्समध्ये होता, गोळ्याही. प्रत्येक दारातून आत शिरावं आणि अनोळखी माणसं वळून बघावीत... त्या कुठल्या तरी झाडामागे पडल्या असतील आणि मला हेल्मुटना फोन करावा लागेल, काय शब्दांत सांगायचं, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

सर्वांत मागच्या खोलीत फूल एकही नव्हतं. हिरवी भिंत आणि एक बाक. त्यावर शैलाताई बसल्या होत्या. रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"दुखतंय का काही?" मी पळतच जवळ गेले.

"नाही गं. भीती वाटते." त्यांनी पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले. "घरी बोलता येत नाही. मी घाबरले की हेल्मुट माझ्याहून जास्त घाबरतात. आणि तू तर सकाळपासून मलाच बघते आहेस. एक तरी फूल बघितलंस?"

सगळं नीट होईल असं म्हणण्याऐवजी मी शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. मग समोरच्या भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "कुंपण बघ केवढं उंच! आमच्या संस्थेचा अध्यक्ष इथे आला तर चक्कर येऊन पडेल." आणि हसल्या.

पण उठल्या तेव्हा ओठ निळसर दिसले. गाडी लांब होती. मी बागेच्या मालकीणबाईंना गाठलं. रबरी बूट घातलेल्या त्या उंच बाईंनी एक क्षण विचार केला आणि मातीची ढकलगाडी घेऊन आल्या, आत दोन उशा टाकून. शैलाताई आढेवेढे न घेता तीत बसल्या. विटांच्या वाटेवरून आम्ही दोघी ढकलतोय, आणि त्या दोन्ही बाजूंना बघत मला सांगताहेत, "ही पिओनी बघ. अगं, बघ तरी!" मी बघितली. फिकट गुलाबी होती.

परतताना त्या निवांत झोपल्या आणि मी त्यांना उठवलं नाही.

ऑपरेशन झालं, आम्ही सगळे निर्धास्त झालो, आणि एका सकाळी घरीच, काही कळायच्या आत त्या गेल्या. ज्याची इतकी धास्ती घेतली होती ते टळलं, असं आम्हाला वाटलं होतं.

परवा हेल्मुटकडे गेले. आता काळजी त्यांची वाटते. फोन उचलायला जरा उशीर झाला की मी गाडीची किल्ली शोधायला लागते. दार त्यांनी लगेच उघडलं. स्वयंपाकघरात नळाला पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधलेले मूग लटकत होते. शैलाताई दर आठवड्याला मोड आणायच्या, ते शेजारी उभे राहून बघायचे. मोड आले होते, जरा जास्तच लांब.

"आल्झो... म्हणजे, याचं पुढे काय करायचं ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच येतं."

मी कढई ठेवली. मोहरीचा डबा त्यांनी शोधून दिला. उसळ शिजेपर्यंत त्यांनी ते फडकं धुतलं, पिळलं, आणि वाटीभर मूग पुन्हा भिजत घातले.